लवणाचं तोंड

मृग लागून आठवडा झाला की आमच्या समोरच्या खोलीच्या भिंतीवर एक रेघ उमटते. कमरेइतक्या उंचीवर, दारापासून खिडकीपर्यंत, चहाच्या डागासारखी तपकिरी. उन्हाळाभर तिचा पत्ता नसतो. दोनदा रंग दिला, एकदा पुट्टी भरली. "आता येत नाई गुरुजी, लिहून घ्या," असं रंगाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं. हवा दमट झाली की ती हजर. यंदाही ती काल सकाळी आली. चहाचा कप हातात घेऊन मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो.

बाहेर कोपऱ्यावर पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या पार मागे सातपुड्यावर ढग चढले होते. आमच्या ओट्यावरून दोन्ही एकदम दिसतं. माझ्या बायकोने, सुमनने, सकाळी टँकरवरून दोन ड्रम भरून घेतले आणि दुपारी ज्वारीचं पोतं माळ्यावर चढवायला काढलं. ती जळगाव जामोदची. रागावली की माहेरची बोली बोलते. "प्याले पानी नाई म्हून डरम भरा, आन् पानी घरात घुसन म्हून पोते वर चढवा. अशी तऱ्हा मी कुठी पाह्यली नाई." मी पोत्याचं दुसरं टोक धरलं. तिचं खरंच होतं. आणि मी या तालुक्याच्या गावातल्या हायस्कुलात एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला आहे.

भूगोल शिकवणाऱ्याला पाणी कळतं असा एक गैरसमज असतो, आणि तो सगळ्यात जास्त त्याचा स्वतःचाच असतो. मी फळ्यावर निळ्या खडूने नदी काढायचो. उगम, वळण, मुख. माझ्या नद्या फार सुबक असत, तपासणीला आलेले साहेबही वाखाणत. त्या नद्यांना कधी पूर आला नाही आणि मे महिन्यात त्या आटल्याही नाहीत. डस्टर फिरवला की संपल्या. आता त्या निळ्या रेघा आठवल्या की मला लाज वाटते.

मी मूळचा दुसरबीडचा, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. आमच्याकडे पाऊस पडतो तिथंच दिसतो. इथं तसं नाही. इथं पाऊस डोंगरात पडतो आणि गावात ऊन असतं. माणसं अंगणात पापड वाळत घालतात आणि नाला भरून येतो. नोकरीला लागलो त्या वर्षी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. खालच्या पेठेत एका खोलीत भाड्याने राहायचो. पेठेच्या मधोमध विहीर होती, तिच्या दगडी काठाला दोरांनी खाचा पडलेल्या. तिचं पाणी गोड होतं. आमच्या भागात 'गोड' हे पाण्याचं फार मोठं कौतुक आहे. पूर्णेकडे चार कोस सरकलात की सगळा खारपाण पट्टा, विहीर खोदा की बोअर मारा, पाणी जिभेला चरचरतं आणि डाळ शिजता शिजत नाही. पेठेच्या विहिरीत मात्र ऐन उन्हाळ्यातही बादली बुडेल एवढं गोड पाणी असे. असं का, हे मी पहिल्यांदा विचारलं ते रहीमभाईंना.

रहीमभाई विहिरी उपसायचे. गाळ काढायचा, ढासळलेला दगड पुन्हा बसवायचा, झरा मोकळा करायचा, हे त्यांच्या घराण्याचं काम. तेव्हा ते पंचविशीचे होते. खांद्यावर दोर आणि हातात सब्बल. पहारीला इकडे सब्बल म्हणतात. त्यांची सब्बल वडलांपासून आलेली, टोकाला घासून वीतभर आखूड झालेली. ते विहिरीतून वर आले तेव्हा अंगभर काळा चिखल आणि फक्त दात पांढरे. माझा प्रश्न ऐकून त्यांनी पेठेच्या वरच्या अंगाला हात केला. "हे पानी विहिरीचं नाई ना, गुरुजी. हे लवनाचं पानी हाय. गोदाबाईच्या घरचे तोंड देते म्हून आपन पेतो." मला एक अक्षर कळलं नाही. माझा चेहरा पाहून ते हसले. "मृगात चाला माह्या संगं," म्हणाले, "दाखवतो."

लवण म्हणजे खोलगट जमीन. नाला आणि पेठ यांच्या मधोमध तो आठ-दहा एकरांचा उथळ तुकडा होता, एका माळी घराण्याच्या मालकीचा. नाल्याच्या बाजूने मातीचा उंच बांध, बांधावर करंज आणि निरगुडी. त्या बांधात एका जागी बैलगाडी जाईल एवढी खाच होती. तिला तोंड म्हणायचे. हिवाळा-उन्हाळा ते तोंड बाभळीच्या काट्यांनी आणि मातीने बुजवलेलं, गुरं भाजीत शिरू नयेत म्हणून. मृगात ते उघडायचं. पहिला काटा घरच्या सुनेने ओढायचा आणि मग खालच्या पेठेतल्या प्रत्येक विहिरीमागे एका माणसाने फावडं लावायचं, असा रिवाज होता. त्या वर्षी गोदाबाई नवी सून होती. तिने काटा ओढला, बोटाला रक्त आलं, ते पदराला पुसून ती नाल्याकडे बघत म्हणाली, "देल्लं बापा तोंड. आता ये तुले यायचं तवा."

आठ-दहा दिवसांनी ते आलं. ऊन होतं. आधी वास आला, ओल्या पाल्याचा आणि मातीचा, आणि रहीमभाई म्हणाले, "डोंगरातून पानी निंगालं." मग नाला फुगला, तांबडं पाणी तोंडातून आत घुसलं. आत घुसेपर्यंत त्याची घाई बघवत नव्हती. आत आलं, आणि जणू त्याला बसायला सांगितलं गेलं. मारवेल गवत वाकलं, पुन्हा डोकं वर काढलं. चार-पाच दिवस लवणात गुडघाभर पाणी होतं. बगळे आले, बेडकांनी रान डोक्यावर घेतलं, एक टिटवी बांधावर जीव तोडून ओरडायची. मग ते पाणी कुठे गेलं कळलं नाही. जमीन पिऊन गेली. आठवड्याने पेठेच्या विहिरीत पाणी दोन हात चढलं होतं. मागे जो गाळ राहिला, त्यावर दसऱ्यानंतर गोदाबाईच्या घरची वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. पावसाळ्याचं पीक ते लोक तिथं घेतच नसत. चार महिने पाण्याचे, आठ महिने आपले, अशी ती सरळ वाटणी होती.

मला ते फार गमतीशीर वाटलं. 'लोकजीवन' म्हणून मी एका तासाला ते वर्गात सांगितलंसुद्धा. मग मी ते विसरून गेलो. अभ्यासक्रमात नव्हतं.

पुढे गाव वाढलं. वरच्या अंगाला नाला सरळ करून सिमेंटचा केला गेला. गोदाबाईच्या दिरांनी लवण विकलं, त्यात मुरूम पडला, रस्ते आखले गेले आणि 'हरितनगर' नावाचा लेआउट झाला. लवणातलं गवत काढून नाव हरितनगर ठेवायचं, याला धाडस लागतं. गोदाबाईने आपल्या वाट्याची तेवढी नाल्याकाठची पट्टी, बांधाच्या पलीकडची, विकली नाही. बांध सपाट करून त्या रेषेवर लेआउटची भिंत उभी राहिली. बांधणारा जुना माणूस असावा, त्याने भिंतीत तोंडाची जागा तशीच मोकळी सोडली होती. तिला लागून चौदा नंबरचा प्लॉट. तो कोणी घेत नव्हतं. मी घेतला.

मी तो मे महिन्यात पाहिला, ही माझी चूक. तीन वर्षं पावसाने ओढ दिली होती, नाल्यात धूळ उडत होती, प्लॉटच्या भेगांत हात जाईल एवढी जमीन वाळलेली. गोदाबाई पलीकडे भेंडीला पाणी धरत होती. तीस वर्षांत तीही म्हातारी झाली होती, पण नजर तीच. "जागा पान्यापावसात पाहा, गुरुजी," ती म्हणाली. "उन्हाळ्यात सबनच जागा चांगल्या दिसते." मी हसलो. म्हणालो, बाई, मी भूगोलाचा माणूस आहे. हे वाक्य मला अजून शब्दशः आठवतं.

घर बांधलं, राहायला गेलो, आणि हात दाखवून अवलक्षण करावं तसा मी सोसायटीचा सचिव झालो. अक्षर चांगलं म्हणून. त्या मोकळ्या जागेतून बकऱ्या यायच्या, म्हैस यायची, सुमनची जास्वंद दर आठवड्याला बोडकी व्हायची. सभेत मीच विषय काढला. 'पूर्वेकडील मोकळी जागा भिंत बांधून बंद करण्याचे ठरले,' हा ठराव माझ्या हस्ताक्षरात आहे. वेलांट्या फार सुरेख आल्यात.

ते कळल्यावर गोदाबाई आली. ओट्याच्या पायरीवर बसली, वर ये म्हटलं तरी आली नाही. "भिंत बांधा, मी नाई म्हनत नाई. पन तोंड बुजू नका." मी काडी घेऊन अंगणातल्या मातीवर तिला नाला काढून दाखवला. हा असा वाकडा होता, आता असा सरळ केलाय, त्यामुळे पाणी थेट पूर्णेला जाणार, इकडे वळणारच नाही. तिने मन लावून पाहिलं. वर्गातल्या कोणत्याच मुलाने माझी नदी इतक्या लक्षपूर्वक पाहिली नसेल. मग म्हणाली, "सरका केला म्हून त्याचं येनं बंद होते काय? आंधी चालत येये, आता पयत येईन." आणि पुढे म्हणाली, "आन् पेठेतल्या विहिरीले कोन पाजन?" पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार होतं. दुसरा प्रश्न मला ऐकू आला नाही असं मी दाखवलं. आम्हा हरितनगरवाल्यांच्या घरोघरी बोअर होते, आणि त्या वर्षापर्यंत त्यांना गोड पाणी होतं.

गवंड्याने दोन दिवसांत तोंड बुजवलं. रहीमभाई येऊन बघून गेले. एवढंच म्हणाले, "एक मोठा पाइप तरी टाका, गुरुजी." पुढच्या सभेत विषय मांडतो म्हणालो, आणि मांडलाही. तो पाचवा विषय होता. चौथ्या विषयाला चहा आला आणि सभा संपली.

त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षीचा पावसाळा. तोच मला काल सकाळपासून आठवतोय. मधल्या दोन उन्हाळ्यांत आमचे बोअर खारे झाले होते. आंघोळीनंतर अंगावर पांढरी भुकटी दिसायची. नळ बारा दिवसांनी यायचा. पेठेची विहीर पहिल्यांदाच तळाला गेली, आणि रहीमभाई तिच्यात उतरून झऱ्यातलं पाणी वाटीने घागरीत भरून वर देतात, असं मी ऐकलं. ऐकलं, पाहायला गेलो नाही. आषाढ निम्मा सरला तरी गावात थेंब नव्हता. सगळे डोंगराकडे बघत होते. आम्ही पाणी मागत होतो, हे लक्षात ठेवायला हवं. ते आलं तेव्हा आम्ही सगळे ते मागतच होतो.

शनिवार होता, दुपार. गावात ऊन, पण सातपुडा सकाळपासून दिसत नव्हता. मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. वास आला, ओल्या पाल्याचा. नाकाने ओळखला, डोक्याने ओळखला नाही. मग भिंतीपलीकडून गोदाबाईची हाक आली. उठून पाहतो तर भिंतीच्या विटांमधून पाण्याच्या बारीक धारा सुटल्या होत्या. गच्चीच्या जिन्यावर चार पायऱ्या चढून पलीकडे पाहिलं. भेंडी बुडाली होती. तिच्या पट्टीत भिंतीला लागून तांबडं पाणी गोल गोल फिरत होतं, आणि ती स्वतः उंचवट्यावर एका करंजाला धरून उभी होती. "फोडा!" ती ओरडत होती. "तोंड फोडा!"

तेवढ्यात रहीमभाई आले. पेठेतून धावत, साठी ओलांडलेला माणूस, लुंगी वर खोचलेली, खांद्यावर सब्बल. थेट माझ्या अंगणातून तोंडाच्या जागेपाशी गेले, भिंतीला सब्बल लावली आणि थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, फोडू द्या. खाली लेकरंबाकरं हायेत."

"थांबा," मी म्हणालो. "अध्यक्षांना विचारतो."

भिंत सोसायटीची, ठराव सोसायटीचा, मी सचिव. हे सगळं त्या क्षणी मनात आलं, हे खरं आहे. पण त्याच्या आधी एक गोष्ट आली होती, तीही सांगून टाकतो. मला माझी फरशी दिसली. समोरच्या खोलीत नवी फरशी बसवून महिना झाला नव्हता. रहीमभाईंनी तेव्हा भोक पाडलं असतं, तर पाणी आमच्या रस्त्यांवर आणि बागेत पसरलं असतं. आमचे ओटे भिजले असते, माझ्या फरशीवर चिखल झाला असता, आणि पेठेत पोचेपर्यंत पाण्याचा जोर मोडला असता. जास्त काही झालं नसतं.

रहीमभाई थांबले. माझा शब्द म्हणून थांबले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात शिकली होती, आणि तेवढ्या कारणाने हा माणूस मला पाहिलं की सायकलवरून उतरायचा. फोन आत चार्जिंगला होता. मी आत गेलो. पहिल्यांदा लागलाच नाही. दुसऱ्यांदा लागला तर अध्यक्ष दुसऱ्या कोणाशी बोलत होते. तिसऱ्यांदा लावून, फोन कानाशी धरून मी दारात आलो. ते तसेच उभे होते. सब्बल भिंतीला टेकवलेली, तोंड माझ्याकडे, मी काय सांगतो याची वाट बघत.

फार मोठा आवाज झाला नाही. भिंत मधोमध फुगली आणि आडवी झाली, आणि ते उभे होते तिथं पाणी होतं. सुमनने मागून माझा सदरा धरून मला जिन्यावर ओढलं. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असताना कानाशी आवाज आला, "हां, बोला गुरुजी."

ते पाणी माझ्या समोरच्या खोलीत कमरेपर्यंत चढलं, पण आमच्याकडे थांबलं नाही. आमचे सिमेंटचे रस्ते त्याला सरळ मिळाले, त्या रस्त्यांनी ते पेठेत गेलं. तिथली मातीची घरं बसली, बकऱ्या गेल्या, एका घरचं लग्नाचं सामान वाहून गेलं. दुपार होती, लोक जागे होते, माळवदांवर चढले, म्हणून माणसं वाचली. एक सोडून. रहीमभाई दुसऱ्या दिवशी पेठेच्या खालच्या बाभळीत सापडले. दफनाला मी गेलो होतो. मागे उभा राहिलो आणि तसाच परत आलो.

मग पंचनामा झाला. कारणाच्या रकान्यात 'नैसर्गिक आपत्ती' असं लिहायचं होतं. लिहिणाऱ्याचं अक्षर कोणाला लागेना, म्हणून ते मी लिहिलं, आणि खाली पंच म्हणून सहीही केली. नैसर्गिक. पावसाने डोंगरावर पडायचं, उताराने यायचं, खोलगट जागी बसायचं, यातलं सगळं नैसर्गिक होतं. त्याच्या वाटेत उभी केलेली भिंत, सरळ केलेला नाला, माझा ठराव आणि माझा फोन, यांच्यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता. मी हे तेव्हा बोललो नाही. दोन वर्षांनी लिहितो आहे, म्हणजे फार मोठा शूर माणूस आहे असं नाही.

पेठेची विहीर काठोकाठ गाळाने भरली. ती उपसायची तर माणूस हवा, आणि तो माणूस नव्हता. अजून ती तशीच आहे, तिच्यावर आता गवत उगवलंय. त्या विहिरीचं गोड पाणी जे प्यायले, ते आमच्यासारखेच टँकरपुढे उभे असतात. हरितनगरचे आणि पेठेचे लोक पहिल्यांदाच एका रांगेत आले, ते असे.

आठवड्याने अंगणातला चिखल काढताना विटांच्या ढिगाखाली सब्बल सापडली. मी ती धुतली. पुसली. पाण्याच्या टाकीमागे उभी करून ठेवली. उद्या नेऊन देऊ, म्हटलं. तो उद्या दोन वर्षं आला नाही. गच्चीवर गेलो की मी टाकीकडे पाठ करायचो. गेल्या वर्षी पाऊसच झाला नाही, भिंतीची कोणाला आठवण आली नाही, आणि मलाही बरं वाटलं. दुष्काळ पडला म्हणून बरं वाटण्यापर्यंत माझी मजल गेली होती.

गेल्या महिन्यात सभा झाली. पहिला विषय, पडलेली भिंत पुन्हा बांधणे, यावेळी काँक्रीटची आणि हातभर उंच. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात, पण इथं ज्या झोप्याखाली, म्हणजे गोठ्याच्या दाराखाली, बैल मेला तोच पुन्हा, अधिक जाड. दुसरा विषय, पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून जाड पाइप टाकून ते थेट बाहेर काढणे. तिसरा विषय, टँकरच्या फेऱ्या वाढवणे. एकाच कागदावर पाणी घालवायचा ठराव आणि पाणी आणायचा ठराव, एकाखाली एक. मी म्हणालो, हे एकच पाणी आहे. त्याला बसायला जागा दिली तर दोन्ही ठराव लागणार नाहीत. आपली बाग खोलगट करू, फरशा काढू, गवत लावू, तोंड मोकळं ठेवू. कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, रिटायर झाले तुमी. शाळा सुटली." सगळे हसले. बारा वर्षांपूर्वी मीही हसलो असतो. ठरावावर मी सही केली नाही. तोंड माझ्या प्लॉटला लागून आहे आणि माझ्या अंगणाखेरीज भिंतीपाशी जायला दुसरी वाट नाही, म्हणून काम अडलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतत बसण्यापेक्षा अडवलेलं काम बरं, असं वाटून मी घरी आलो आणि टाकीमागून सब्बल काढली.

भिंतीचा पाया अजून जमिनीत होता, गुडघाभर. त्यावर उद्या हवी तेवढी भिंत पुन्हा उभी राहिली असती. गोदाबाईला बोलावलं. ती काठी टेकत आली. बाभळीचा काटा नव्हता, तिने खाली वाकून एक सुटी वीट उचलली आणि बाजूला ठेवली. मग मी सब्बल लावली. सवय नाही, वय झालेलं, तळहाताला फोड आले, सहा दिवस लागले. आमच्या अंगणातल्या फरशा सुमनने स्वतः उखडल्या. गोदाबाई पायरीवर बसून हुकूम सोडायची. "खड्डा करू नका, गुरुजी. खोल केलं का पानी कापत जाते. उथळ ठेवा, बसू द्या त्याले." काठाला दगड लावले. तिच्या पट्टीतून मारवेलचे ठोंब आणून लावले, टँकरच्या पाण्यातलं लोटाभर पाणी त्यांना रोज घातलं. शेजाऱ्यांनी ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

एका अंगणाने पूर थांबत नाही, हे मला कळतं. तेवढा भूगोल अजून येतो. यंदा डोंगरात जोराचा पाऊस झाला तर पाणी आधी माझ्या घरात येईल आणि मग इतरांच्या, आणि लोक मला शिव्या देतील. पेठेची विहीर त्याने भरेलच असंही नाही, वर सगळा मुरूम दाबलेला आहे. मी सुमनला विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, "वाटते ना. पन भिंत होती तवाबी घर बुडालंच की."

परवा सब्बल घेऊन पेठेत गेलो. रहीमभाईंच्या बायकोला, अमिनाभाभींना, ती परत द्यायची होती. घराच्या दोन भिंती आता पत्र्याच्या आहेत. त्या दारात बसून टँकरचं पाणी फडक्याने गाळत होत्या. मी सब्बल उंबऱ्याशी ठेवली आणि दोन वर्षं घोकलेलं बोलायला लागलो. फोन, अध्यक्ष, फरशी. फरशीवर आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"ठाऊक हाय मले," त्या म्हणाल्या. "गोदाबाईनं त्याच दिशी सांगतलं. तिनं तथून सबन पाह्यलं होतं."

दोन वर्षं त्यांना ठाऊक होतं. त्या टँकरच्या रांगेत माझ्यामागे उभ्या राहिल्या होत्या, सुमनला त्यांनी ईदचा शिरखुर्मा पाठवला होता, आणि त्यांना ठाऊक होतं. मी माफी मागितली. त्यांनी फडकं पिळून बाजूला ठेवलं, सब्बल मांडीवर घेतली, तिच्या घासलेल्या टोकावरून ओला हात फिरवला. मग ती उचलून माझ्यापुढे धरली.

"हे तथीच ठेवा, तोंडापाशी. आन् पुढच्या बारीले कोनाले इचारत बसू नका."

सब्बल आता अंगणात, मारवेलच्या काठाला उभी आहे. भिंतीवरची रेघ आज कालच्यापेक्षा गडद झालीय. हे लिहिता लिहिता दुपार कलली, गावात ऊन आहे, आणि सातपुडा दिसेनासा झालाय. मी ओट्यावर बसलो आहे. फोन बंद करून आत ठेवला आहे.